पारावर वाचलेलं नाव

माणूस बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, हातांकडं बघते. ही खोड नोकरीनं लावली. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि दर परीक्षेला पोरांच्या बाह्या, पॅडची मागची बाजू, कंपासपेटीची झाकणं तपासत हॉलभर फिरले. आमचे हे म्हणतात, तू देवळात गेलीस तरी आधी चपलांकडं बघतेस. बघते. एकदा गेल्या होत्या माझ्या.

पण ह्याच खोडीनं माझ्या मायचा जीव वाचवला, ते आधी सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला अगदीच वाईट बाई समजणार नाही.

माय गावी एकटी राहायची. चुडाव्याला रेल्वेतून उतरायचं, तिथून ऑटोनं अर्धा तास, पूर्णेच्या काठाला आमचं गाव. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी परभणीत. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ती ऑपरेशन टाळत होती. पोळा होऊ दे म्हणायची, मग महालक्ष्म्या होऊ देत म्हणायची. त्या भादव्यात मी ठरवूनच गेले, की ह्या खेपेला तिची पिशवी भरायची आणि तिला घेऊनच यायचं. पाऊस तीन दिवस लागून होता. गावात कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं.

दुपारी जेवण करून मी दारात उभी होते. आमच्या घरापुढून एक ओढा जातो, तो पुढं नदीला मिळतो. ओढ्यात कडुनिंबाची एक डहाळी वाहत होती. मी तिच्याकडं उगीच बघत राहिले, आणि माझ्या ध्यानात आलं की डहाळी नदीकडं जात नाही, नदीकडून आमच्याकडं यायलीय.

"माय, ओढा उलटा चाललाय," मी म्हटलं.

"उलटा कसा चालंल? तुला बसल्या जागी कायबी दिसतंय."

पारावर बसलेल्या माणसांना विचारलं तर ते हसले. धरणातून पाणी सोडलं की मोबाईलवर मेसेज येतो, तो अजून आलेला नाही, तुम्ही घरात बसा बाई, असं मला सांगण्यात आलं. माझा मेसेजवर विश्वास नाही. मी डहाळीवर विश्वास ठेवला. नंतर कळलं ते असं, की खाली गोदावरी दुथडी भरली होती, पूर्णेला पुढं सरकायला वाटच नव्हती, म्हणून ती मागं हटली आणि ओढ्यातून गावात शिरली. पण तेव्हा हे कुणाला माहीत? मी मायचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर काढलं. उंबऱ्यात ती अडली.

"थांब ना. कणगीपाशी जाऊन येते एकदा."

"कणगीतली ज्वारी काय पदरात घेऊन पळणार आहेस?" मी खेकसले.

ती काहीतरी बोलणार होती. मी बोलू दिलं नाही. पाणी तोवर चुलीपर्यंत आलं होतं.

आमच्या भिंतीला लागून जे घर होतं, तेवढ्याच घराला स्लॅब होता. ते पलीकडच्या काकूचं घर. ही काकू आमची नात्यानं कुणी नाही. माय आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, एवढंच. बारकीशी, काळीसावळी, तोडून बोलणारी बाई. लहानपणापासून मी तिला अगं-तुगं करत आले, पण खरं सांगायचं तर माझा तिच्यावर कधी पुरता भरवसा बसला नाही. कारण एकच. ती आणि माय नदीवर धुणं धुवायला जायच्या, लांबून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी जवळ गेले की दोघी एकदम गप्प व्हायच्या. लहान पोराला हे लय लागतं. माझ्याविषयीच काहीतरी बोलतात, असं मी पक्कं धरून चालले होते.

त्या दिवशी काकू जिन्यात उभी राहून एकेकाला वर ओढत होती. स्लॅबवर आम्ही सोळा माणसं आणि तीन शेळ्या. अख्खं गाव चहासारख्या पाण्यात उभं होतं. आमचं घर आमच्या डोळ्यांदेखत बसलं. मातीची भिंत आवाज फार करत नाही, धप् म्हणते आणि खाली जाते. मायला दिसत नव्हतं, तिनं विचारलं, "कोनती पडली?"

"कणगीकडली," मी म्हटलं.

काकूनं मायच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच होता. मी तेही बघून ठेवलं.

आमच्या गावात माणूस एकही गेलं नाही. घरं गेली, जनावरं गेली, दाणागोटा गेला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा गुडघाभर चिखलात सगळ्या गावाची भांडी रुतून बसलेली होती. कुणाची परात कुणाच्या गोठ्यात, कुणाचा हंडा बाभळीत अडकलेला. भांडणं सुरू व्हायच्या आत जाणत्या माणसांनी ठरवलं, की सापडेल ते भांडं मारुतीच्या पारावर आणायचं, धुवायचं, त्यावरचं नाव वाचायचं, आणि ज्याचं त्याला द्यायचं.

आमच्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. लग्नकार्यात भांडी गावभर फिरतात, म्हणून घरधन्याचं नाव. कुणी आहेरात दिलं तर देणाऱ्याचं. पूर्वी कासार छिन्नीनं टिंब टिंब मारून अक्षर उठवायचा, आता मशीन आली, ती बारीक रेघ ओढते. वाचायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. बाई वाचतील, बाईंपाशी लबाडी चालायची नाही, असं एकमतानं ठरलं. मला बरं वाटलं. अंगावर कालचेच कपडे, चिखलात पाय, डोक्याला टॉवेल, आणि मी परीक्षा घेतल्यासारखी पारावर बसले.

नाव वाचायचं, ओ देणारा पुढं आला की लगेच भांडं हातात द्यायचं नाही. आधी विचारायचं, पोचा कुठं आहे? कान कोणता तुटलाय? वाचता न येणाऱ्या बायकांनी सगळ्यांत चोख उत्तरं दिली. एक म्हातारी डोळे मिटून सांगत होती, "बुडाला तीन डाग हायत, मधला मोठा." होते. एका गृहस्थानं मात्र तीन पराती आपल्याच म्हटल्या. त्याला मी तिन्हींवरची नावं वाचायला लावली, तो वरमला आणि एक घेऊन गेला. दिवसभर मी कुणाला सुटू दिलं नाही.

त्यातच तो तांब्या आला. पितळी, जुना, काळा पडलेला. गळ्यापाशी छिन्नीचं टिंबाटिंबाचं अक्षर, आणि नुसतं एका बाईचं नाव. वडलांचं नाही, नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. जागाच तेवढी होती. ते नाव मी इथं लिहिणार नाही. चारचौघांत ते एकदा नको तसं वाचून झालंय, तेवढं पुरे.

मी मोठ्यानं वाचलं. कुणी ओ दिली नाही. पुन्हा वाचलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "असल्या नावाची बाई गावात हायच कुठं? वरल्या गावाहून वाहत आला असंल." तिसऱ्यांदा वाचलं. मग तांब्या उपडा केला, आतून चिखल आणि फुगून टम्म झालेली ज्वारी निघाली. ती पारावरून खाली झटकली आणि तांब्या बाजूला, बेवारशी भांड्यांत ठेवून दिला. ती भांडी देवळाला जाणार होती. गर्दीच्या मागं काकू उभी होती. ती सरळ माझ्याकडं बघत होती, आणि तिचे हात पदराचं टोक दुमडत होते, उलगडत होते.

माय तेव्हा वर स्लॅबवर तापानं पडलेली होती.

संध्याकाळच्या आत काम आटोपलं. आमची निम्मी भांडी मिळालीच नाहीत. मी हातपाय धुवायला गेले, मागं वळून बघितलं, तर काकू पाराकडून घराकडं चाललेली, उजवा हात पदराखाली. पदर फुगलेला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण जिच्या स्लॅबवर आपला जीव वाचला, तिला अडवून पदर उघड म्हणायला जीभ रेटली नाही. मी गप्प बसले आणि मनात नोंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मायला परभणीला आणलं.

ती आमच्याकडं पाच आठवडे होती. खोकला छातीत उतरला होता, त्यामुळं डोळ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी पुढं ढकललं. दिवसभर खाटेवर बसून राहायची. तिच्यासाठी म्हणून मी गावाहून आणलेल्या वस्तू स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडल्या. कुलूप हरवलेली एक किल्ली. जात्याचा खुंटा. ओवाळायचं तबक, अर्धं चेपलेलं. तिची एका पायाची चप्पल. कणगीच्या काठाचा मातीचा तुकडा. प्रत्येकापुढं मी शाळेतल्यासारखी चिठ्ठी लावली, काय आहे आणि कुठं सापडलं. बाटलीभर चिखलसुद्धा आणला होता. हे म्हणाले, "त्या चिखलाला नाव घातलंय का? नाहीतर उद्या कुणीतरी आपला म्हणायचं." मला हसू आलं नाही. कारण मला खरोखरच खात्री नव्हती. पुरानं सगळं असं कालवलं होतं, की ही किल्ली आमचीच कशावरून? पोळपाट आणला होता, आठवडाभर त्यावर पोळ्या लाटल्या, आणि मग मायनं हात फिरवून सांगितलं, "हा आपला न्हाई. आपल्याला चार पाय हुते." तीन पायांचा तो परका पोळपाट मी ओट्याखाली सारला.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मायनं विचारलं, "तांब्या मिळाला का गं?"

मी उठून स्टीलचा तांब्या आणला. रोजच्या पाण्याचा, तिच्या नावाचा, मशीननं नाव घातलेला. पारावर मीच तो ओळखून घेतला होता. मायनं तो मांडीवर घेतला आणि अंगठा गळ्याजवळ फिरवला. दोनदा फिरवला. मग माझ्याकडं परत केला.

"हा न्हाई."

"मग कुणी नेला?" मी विचारलं.

मायचे डोळे माझ्याकडं होते, पण दिसत नसलेल्या माणसाचं बघणं कळत नाही. ती म्हणाली, "कुनी न्हाई नेला. ऱ्हाऊ दे."

पण माझं डोकं तोवर पारावरून निघालेल्या त्या फुगलेल्या पदरापाशी जाऊन पोचलं होतं. मायचा कुठला तरी तांब्या होता, तिच्या जिवाभावाचा होता, आणि तो काकूनं मारला. ती नाव घेत नाही, कारण मैत्रीण आहे. झालं, माझ्या मनात सगळं जुळलं.

दिवाळीच्या आधी माय गेली. सकाळी चहा मागितला, चहा घेऊन आले तोवर मान कलली होती. मला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. पुरातून ओढून काढली होती मी तिला. घर नाही, फोटो म्हणावा तर आधार कार्डावरचा, त्यात ती घाबरलेली दिसते. फळीवर जे होतं ते सगळं शंकेचं. एकच वस्तू तिनं आपली म्हणून विचारली होती, आणि ती माझ्यापाशी नव्हती. तो तांब्या मला हवा होता. दुसरं काही नको होतं.

तेराव्याला काकू आली. जेवली नाही, फळीपाशी जाऊन उभी राहिली. एकेक वस्तू बघत होती, वाचता येत नाही तरी चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत होती. मी कामात होते पण नजर तिच्या हातांवर.

"आनिक काय काय हाय?" तिनं विचारलं.

"आहे एवढंच आहे. बाकीचं ज्यांनी नेलं त्यांनी नेलं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि चपला घालून निघून गेली. बघा, चोराच्या मनात चांदणं, असं मी आमच्या ह्यांना म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी बरं झालं असतं. गावाकडच्या बायकांचे फोन यायचे, त्यांतल्या पाचसहा जणींना मी ते सांगितलं. नाव घेऊन सांगितलं नाही, पण स्लॅबचं घर गावात एकच.

माघात मी गावी गेले. निमित्त पडक्या घराच्या कागदांचं, खरं कारण तांब्याचं. माझी युक्ती साधी होती. ज्या घरी जाईन तिथं पाणी मागायचं. पाणी तांब्याभांड्यातच येतं. पाणी पिता पिता नाव वाचायचं. त्या सकाळी मी सहा घरी पाणी प्यायले. पोटाचा नगारा झाला. मायच्या नावाची दोन भांडी सापडलीही, पण दोन्हींवर तिच्याकडून सप्रेम भेट असं स्वच्छ लिहिलेलं. त्या बायांच्या लेकरांच्या बारशाला तिनंच दिलेली. मी ती हात न लावता परत केली.

सातवं घर काकूचं.

काकू अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "ये पोरी. बस." आणि पाणी आणलं काचेच्या ग्लासात.

"तांब्या नाही का घरात?" मी विचारलं.

"हाय की. पर तू पानी प्यायला आलीस का भांडी वाचायला? सहा घरं फिरून आलीस, कळलं मला."

मग मी आडवळण सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला तुम्ही म्हटलं. "काकू, पुराच्या दुसऱ्या दिवशी पारावरून तुम्ही पदराखाली काय नेलं?"

ती रागावली नाही. घाबरली पण नाही. गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, आणि देवाच्या कोनाड्यातून एक दस्तीत बांधलेलं बोचकं घेऊन आली. माझ्यापुढं ठेवलं. मी गाठ सोडली. आत तांब्या होता. पितळी, चिंचेनं घासून लख्ख केलेला. गळ्यापाशी टिंबाटिंबाचं नाव.

मी ते वाचलं आणि माझा विरसच झाला. "हा तर तो बेवारशी. हा मीच बाजूला ठेवला होता."

"बेवारशी कसा?" काकू म्हणाली. "तुझ्या मायचा हाय."

मला काही समजेना. मायचं नाव मला माहीत होतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, स्टीलच्या तांब्यावर, सगळीकडं तेच होतं.

"ते ह्या घरचं," काकू म्हणाली. "लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं काढलेलं. तिच्या बापानं ठिवलेलं नाव हे."

आणि खाली बसून, तूर निवडत, तिनं मला सांगितलं. लग्नात माय माहेराहून एवढा एकच तांब्या घेऊन आली होती. माझ्या आजीनं त्यावरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि म्हणाली, ह्या घरात हे नाव चालायचं न्हाई, मोडीत घाल. मायनं बरं म्हटलं आणि तो कणगीच्या तळाला ठेवून वर ज्वारी ओतली. दरसाल कणगी रिकामी झाली की काढायची, घासायची, काकूला दाखवायची आणि परत तळाशी. आजी गेल्यावरही तीच सवय राहिली. मामा मायला नुसतं ताई म्हणायचे, आणि आजोळची म्हातारी माणसं मी जन्मायच्या आधीच संपली होती. ते नाव उच्चारणारं मग एकच माणूस उरलं.

"माझं बी नाव बदललेलं," काकू म्हणाली. "नदीवर गेलो की ती मला माज्या नावानं हाक मारायची, म्या तिला तिच्या. हसू यायचं. कुनी आलं की गप."

मी गेले की गप्प. मला ते हसणं ऐकू आलं.

"मग पारावर बोलली का नाहीस?" मी पुन्हा तू वर आले होते.

"तू वाचायलीस ना. म्हनलं, पोटची पोरगी हाय, शिकलेली हाय, तिला ठाव असंल. तीनदा वाचलंस. मी तोंड उघडनार, तवर तू ज्वारी सांडून दिलीस आन् तांब्या ठिवलास बाजूला. मग उचलला म्या, आन् वर तिच्या हातात नेऊन दिला. अंगठा फिरवला तिनं. म्हनली, कुनी वाचलं? म्हनलं, तुज्या पोरीनं. म्हनली, मग? म्हनलं, मग काय, बेवारशात ठिवला."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काय म्हनंल? म्हनली, तिचा काय गुन्हा, म्या कवा सांगितलंच न्हाई तिला. ठिव तुज्यापाशी. तिनं नावानं मागितला तर दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

तूर निवडायचा आवाज चालू होता. मला आमच्या घरातली ती दुपार आठवली. तांब्या मिळाला का गं, असं मायनं विचारलं होतं. कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, कारण तिला मला सांगायचं होतं. हा न्हाई, एवढं म्हणून ती थांबली होती. कोणता, असं विचारलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं. मी विचारलं, कुणी नेला. तीस वर्षांच्या सवयीनं मी माझ्या मरत्या मायला चोराचं नाव विचारलं. आणि त्याच्याही आधी, तिची कणगी, तिचा बाप, तिचं नाव मी सगळ्या गावादेखत पारावरून खाली झटकलं होतं. मी काकूपुढं बसून मोठ्यानं रडले. दिवाळीआधी आलं नव्हतं ते सगळं आलं.

काकूनं मला रडू दिलं. मग तांब्यावर हात ठेवून म्हणाली, "माग आता. नावानं माग."

मी ते नाव घेतलं. पारावर घेतलं होतं तेव्हा ते कुणाचंच नव्हतं.

"ओ," काकू म्हणाली, आणि तांब्यावरचा हात काढून घेतला.

परत निघताना मी सकाळच्या त्या सहाही घरी पुन्हा गेले. फोनवर ज्यांच्यापाशी बोलले होते त्या बायका त्यांतच होत्या. प्रत्येकीला सांगितलं, की काकूनं काही चोरलं नव्हतं, माझीच अक्कल गहाण पडली होती. दोघींनी मान डोलावली, एकीनं विषय बदलला. त्यांना ते कितपत पटलं मला माहीत नाही. लावलेला डाग घासून निघत नाही हे मला त्या घरांमधून कळत होतं.

तांब्या आता माझ्या फळीवर आहे. त्याच्यापुढं चिठ्ठी नाही. बाटलीतला चिखल मी कुंडीत ओतला, परका पोळपाट गावी जाऊन परत केला.

त्या दिवशी निघताना मी दारात थांबून काकूला विचारलं होतं, "तुझं काय नाव होतं गं?"

तिनं माझ्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघितलं. "कशाला पायजे? कुनाला सांगशील?"

"कुणालाच नाही."

मग तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं.

आता महिन्यातून एकदा मी चुडाव्याला उतरते आणि ऑटोनं गावी जाते. अंगणात उभी राहून तिला त्या नावानं हाक मारते. ती लगेच ओ देत नाही. आधी बाहेर येते, माझ्या मागं रस्त्यावर आणखी कुणी आहे का ते नीट बघून घेते, आणि मग देते.